अकॅलेशियावरील औषधोपचार

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा संकोचक स्नायू घास आल्यावरही सैल पडत नाही आणि घास पुढे ढकलणारी नलिकेची लयबद्ध आकुंचने बिघडतात, त्यामुळे अन्नपाणी जठरात उतरेनासे होते. या विकाराला अकॅलेशिया म्हणतात. दरवर्षी साधारणपणे एक लाख लोकांमागे एखाद्यालाच तो नव्याने होतो. स्नायूला सैल पडण्याचा संदेश नायट्रिक ऑक्साइडद्वारे देणाऱ्या चेतापेशी यात नष्ट झालेल्या असतात. त्या परत आणणारे औषध नाही. उपलब्ध औषधे स्नायूचा ताण तेवढा काही काळ उतरवतात, आणि त्यांच्या बहुतेक मर्यादांचे मूळ यातच आहे.

तोंडावाटे घ्यायच्या औषधांत आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट आणि निफेडिपिन ही दोन प्रमुख आहेत. पहिले शरीरात नायट्रिक ऑक्साइड पुरवते, तर दुसरे स्नायुपेशीत कॅल्शियम शिरू देत नाही, म्हणून आकुंचनाचा जोर कमी होतो. दोन्ही जिभेखाली ठेवण्याची पद्धत आहे, कारण गिळलेली गोळी अन्ननलिकेतच अडकून राहण्याचा संभव असतो. आयसोसॉर्बाइड जेवणापूर्वी १० ते १५ मिनिटे आणि निफेडिपिन ३० ते ४५ मिनिटे आधी घेतात, म्हणजे पहिला घास खाली पोहोचेपर्यंत स्नायू सैलावलेला असतो. मात्र ही औषधे रक्तवाहिन्यांचे स्नायूही शिथिल करत असल्याने डोकेदुखी, चक्कर, रक्तदाब उतरणे, पायांवर सूज असे त्रास होतात, आणि कालांतराने औषधाचा गुणही कमी येऊ लागतो. सिल्डेनाफिलनेही स्नायूवरील दाब घटतो. पण ते आयसोसॉर्बाइडसारख्या नायट्रेट औषधासोबत दिल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो, त्यामुळे ही जोडी वर्ज्य आहे.

याहून परिणामकारक उपाय म्हणजे बोटुलिनम विषाचे इंजेक्शन. दुर्बिणीतून पाहत सुमारे १०० एकके संकोचक स्नायूत चार बाजूंना विभागून टोचतात. शाबूत राहिलेल्या चेतातंतूंतून ॲसिटिलकोलीन बाहेर पडणे त्यामुळे थांबते आणि आकुंचनाला मिळणारी चेतना तुटते. बऱ्याच रुग्णांना लवकर आराम पडतो, तरी ६ ते १२ महिन्यांत परिणाम सहसा ओसरतो. वारंवार टोचल्यास त्या जागी तंतुमय ऊतक वाढून पुढची शस्त्रक्रिया अवघड होऊ शकते. म्हणून तरुण व सशक्त रुग्णाच्या बाबतीत हा मार्ग प्रथम निवडणे योग्य नव्हे. फुग्याने स्नायू ताणणे, १९१३ मध्ये अर्न्स्ट हेलर यांनी प्रथम केलेली स्नायुछेदन शस्त्रक्रिया किंवा दुर्बिणीतून होणारे स्नायुछेदन हे टिकाऊ उपाय आहेत. वार्धक्यामुळे वा अन्य गंभीर आजारांमुळे ते झेपणार नाहीत, अशांसाठीच औषधे मुख्यतः राखून ठेवतात.

छातीतील जळजळ आणि घशाशी येणारे अन्न यांमुळे अनेकांना आधी आम्लपित्ताचा रुग्ण समजले जाते व महिनोन्महिने आम्लरोधक गोळ्या दिल्या जातात. मूळ अडथळ्यावर त्यांचा काहीच उपयोग नसतो. स्नायू कापल्यानंतर मात्र जठरातील आम्ल खरोखरच वर येऊ लागते, आणि तेव्हा त्याच गोळ्यांची गरज पडते.