बारा हजारांचं इंजिन नऊ हजारांवर

१९८४ च्या फॉर्म्युला वन हंगामात सोळापैकी बारा शर्यती मॅक्लारेनने जिंकल्या. निकी लाउडा ७२ गुणांवर जगज्जेता झाला आणि त्याचाच साथीदार अलँ प्रोस्ट ७१.५ वर अडकला. इतक्या कमी फरकाने अजिंक्यपद ठरल्याचं उदाहरण त्यानंतर आजवर घडलेलं नाही. दोघांच्या पाठीशी एकच इंजिन होतं: दीड लिटरचं, व्ही-६, दोन टर्बो (बाहेर जाणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा दाबून भरणारे पंखे) लावलेलं. पैसे टॅग कंपनीचे, आराखडा पोर्शेच्या हान्स मेत्स्गर यांचा. १९८३ ते १९८७ या काळात या इंजिनाने पंचवीस शर्यती आणि खेळाडूंची तीन अजिंक्यपदं मिळवली. मग नियम बदलले, मॅक्लारेनने होंडाचं इंजिन घेतलं आणि ही सगळी इंजिनं गोदामात गेली.

२०१८ मध्ये त्यातली अकरा पुन्हा बाहेर आली. इंग्लंडमधल्या लान्झान्टे या कंपनीने ती मॅक्लारेनकडून मिळवली, कॉसवर्थ या इंजिन बनवणाऱ्या कंपनीकडून नव्याने बांधून घेतली आणि पोर्शे ९३० मध्ये, म्हणजे जुन्या ९११ टर्बोमध्ये बसवली. रस्त्यावर चालवायची गाडी! कल्पना अगदी नवी नव्हती. ऐंशीच्या दशकात हे इंजिन तपासण्यासाठी एका ९३० मध्येच बसवलं गेलं होतं. शिवाय ९३० चं मूळ ३.३ लिटरचं, ३०० अश्वशक्तीचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याचे जनकही मेत्स्गरच. त्यामुळे सोयरीक तशी घरातलीच.

बातमी आली तेव्हा बहुतेकांचं लक्ष एका आकड्याकडे गेलं. शर्यतीत साडेसातशे-आठशे अश्वशक्ती देणारं आणि नंतरच्या काळात पात्रता फेरीत हजाराला भिडणारं इंजिन इथे सुमारे पाचशेवर आणलं होतं, तेही ९,००० फेऱ्यांवर. मूळ इंजिन मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फिरायचं. मग हळहळ सुरू झाली की वाघाचं मांजर केलं. मला ही हळहळ पटत नाही. ती गेलेली अश्वशक्ती वाया गेलेली नाही, तिच्या बदल्यात वेळ विकत घेतलेला आहे. तो सौदा कसा होतो, ते बघण्यासारखं आहे.

शर्यतीचं इंजिन दणकट असतं हा समज आधी बाजूला ठेवू. एक शर्यत साधारण ३०० किलोमीटरची, दीड तासाची. मिनिटाला सरासरी दहा हजार फेऱ्या धरल्या तर क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याने गोल फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, एका शर्यतीत नऊ लाख वेळा फिरतो. त्यानंतर इंजिन उघडायचं, झिजलेलं बदलायचं, पुन्हा बांधायचं. आपली रोजची गाडी लाख किलोमीटर चालते तेव्हा तिचा क्रँक तीसेक कोटी वेळा फिरलेला असतो, आणि मधल्या काळात आपण तेल नि फिल्टर बदलण्यापलीकडे फारसं काही केलेलं नसतं. दणकटपणाच बघायचा तर तो आपल्या गाडीत जास्त आहे. शर्यतीच्या इंजिनाला टिकायचं नसतं, शेवटच्या रेषेपर्यंत जायचं असतं. त्यामुळे त्याचा प्रत्येक भाग जितका हलका करता येईल तितका केलेला असतो.

हलकेपणाचा हा आटापिटा कशासाठी, ते पिस्टनकडे पाहिलं की कळतं. या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८२ मि.मी. आणि स्ट्रोक फक्त ४७.३ मि.मी. म्हणजे पिस्टन जेमतेम दोन इंच वर-खाली करतो. पण बारा हजार फेऱ्यांना तो दर सेकंदाला दोनशे वेळा वर जातो आणि दोनशे वेळा खाली येतो. प्रत्येक टोकाला क्षणभर थांबून उलट फिरायचं. वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींपलीकडे जातं. पिस्टन ३०० ग्रॅमचा धरला, तर त्या क्षणी त्याला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला तो सव्वा टनासारखा ओढतो. हे प्रत्येक फेरीत.

आता महत्त्वाची गोष्ट. हा जोर फेऱ्यांच्या प्रमाणात नाही, फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बारा हजारांवरून नऊ हजारांवर आलात तर फेऱ्या पाऊणपट होतात, पण जोर ०.७५ चा वर्ग, म्हणजे ५६ टक्क्यांवर येतो. आणि धातूचा शिणवटा याहून उदार आहे. ताण जवळपास निम्मा झाला की भागाचं आयुष्य दुप्पट होऊन थांबत नाही, कित्येक पटींनी वाढतं. पोलादाच्या बाबतीत तर एका मर्यादेखाली ताण ठेवला की तो भाग शिणवट्याने तुटतच नाही असं व्यवहारात धरता येतं. ॲल्युमिनियमला ही सवलत नाही. ताण कितीही कमी असो, पुरेसे हेलकावे झाले की कधीतरी तडा जाणारच. म्हणून जुन्या शर्यतीच्या इंजिनाचा क्रँक तपासून पुन्हा वापरता येतो, पण त्यातले जुने पिस्टन परत बसवायला शहाणा माणूस तयार होत नाही.

तपासणी कशी करतात? क्रँक धुऊन कोरडा करतात, त्याला चुंबकित करतात आणि त्यावर लोहाचे बारीक चमकणारे कण मिसळलेला द्रव सोडतात. जिथे तडा असेल तिथे चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागातून बाहेर फुटतं आणि कण त्या फटीवर गोळा होतात. मग अंधार करून अतिनील दिवा धरायचा. जर्नल, म्हणजे क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग, जिथे क्रँकच्या भिंतीला मिळतो त्या गोलसर कोपऱ्यात केसासारखी हिरवट रेघ उमटली, की तो क्रँक संपला. उजेडात तोच क्रँक भिंगाखालीही निर्दोष दिसलेला असतो. ॲल्युमिनियम आणि टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाहीत, त्यांच्यासाठी फटीत मुरणारा रंग वापरतात. तो लावायचा, मुरू द्यायचा, वरून पुसायचा आणि पांढरी पावडर फवारायची. तडा असेल तर मुरलेला रंग पावडरीत पाझरून बाहेर येतो.

बांधणीत खरी कसोटी असते मोकळीकीची, गॅरेजच्या भाषेत क्लिअरन्सची. क्रँक पोलादाचा, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ५० मि.मी. व्यासाचं बेअरिंग घेतलं आणि तापमान ८० अंशांनी वाढलं, तर मोकळीक सुमारे ०.०४ मि.मी. ने वाढते. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण बेअरिंगमधली एकूण मोकळीकच ०.०५ मि.मी. च्या आसपास असते, आणि तेवढ्याच फटीतल्या तेलाच्या पडद्यावर सगळा क्रँक तरंगत असतो. शर्यतवाले ही मोकळीक तापलेल्या इंजिनासाठी बेततात. त्यामुळे थंड असताना इंजिन इतकं आवळलेलं असतं की आधी बाहेरून गरम पाणी फिरवून ते कोमट करतात, मगच सुरू करतात. हाताशी पाच-सहा मेकॅनिक असतील तर ते जमतं. डिसेंबरच्या सकाळी एकट्याने किल्ली फिरवायची असेल तर मापं नव्याने ठरवावी लागतात: थंडीत आवळू नये, तापल्यावर तेलाचा दाब पडू नये.

पिस्टनचं नेमकं उलटं. तो सिलिंडरपेक्षा जास्त तापतो, म्हणून थंड असताना त्याला सैल ठेवावं लागतं आणि तो खडखडतो. शर्यतीसाठी वापरतात त्या घडीव मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी असतं; धातू चिवट, पण फुगतो फार. रस्त्यासाठी बाराएक टक्के सिलिकॉन असलेला मिश्रधातू घेतला तर फुगणं कमी, त्यामुळे फट कमी, खडखड कमी आणि रिंगांवरून खाली जाणारा वायूही कमी. चिवटपणा थोडा जातो. नऊ हजार फेऱ्यांना तो गेला तरी चालतो, हेही त्याच सौद्यात येतं.

व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातलं अंतर मोजण्याची एक जुनी युक्ती आहे आणि महागड्या वर्कशॉपमध्येही ती अजून चालते. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली माती थापायची, वर किंचित तेल लावायचं, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, बसवून बोल्ट आवळायचे आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचा. हेड काढलं की मातीत दोन्ही व्हॉल्व्हचे ठसे उमटलेले. ब्लेडने माती उभी कापायची आणि सर्वांत पातळ जागी कॅलिपर लावायचा. तिथे ठरवलेल्या मापाइतकी जाडी मिळाली तर ठीक. त्याहून बरीच कमी भरली तर कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, वेळ बदला नाहीतर पिस्टनच्या खाचा खोल करा. कारण वरच्या फेऱ्यांना स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह उशिरा मिटतो आणि पिस्टन त्याची वाट बघत नाही.

यानंतर येतं इंधन, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत रंजक रसायन इथेच आहे. १९८४ पासून शर्यतीत २२० लिटरची मर्यादा होती, पुढे १९८६ मध्ये ती १९५ वर आली. नियमात लिटर मोजले होते, वजन नाही. मग इंधनवाल्यांनी टोल्यूइन या जड हायड्रोकार्बनकडे मोर्चा वळवला. पेट्रोलच्या एका लिटरचं वजन साधारण ७४० ग्रॅम, टोल्यूइनचं ८६७. तितक्याच टाकीत जास्त ऊर्जा मावते. शिवाय टोल्यूइनचा ऑक्टेन क्रमांक, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याच्या गुणाचं माप, ११० च्या वर आहे. पण नियमाने कमाल १०२ ची परवानगी होती! होंडाने १९८८ साठी यावर जो तोडगा काढला तो नंतर त्यांच्याच अभियंत्यांनी प्रसिद्ध केला: ८४ टक्के टोल्यूइन आणि १६ टक्के नॉर्मल हेप्टेन. या हेप्टेनचा ऑक्टेन क्रमांक शून्य. तो मोजपट्टीचा तळच आहे. चांगलं इंधन मुद्दाम नियमापुरतं वाईट करायचं, असा हा प्रकार. टोल्यूइनची वाफ सहज होत नाही, म्हणून इंधन इंजिनात जाण्याआधी तापवावंही लागायचं.

पंपावर हे मिळत नाही. युरोपात ९५ किंवा ९८ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. ऑक्टेन कमी म्हणजे नॉकिंगचा धोका जास्त. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरच्या कडेपर्यंत पोचण्याआधीच तिथलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, दाबाची लाट उठते आणि सिलिंडर घंटेसारखा वाजतो. ८२ मि.मी. व्यासाच्या सिलिंडरसाठी हा सूर सात हजार हर्ट्झच्या आसपास बसतो. नॉक सेन्सर तोच टिपण्यासाठी लावलेला असतो. हे काही सेकंद चालू राहिलं तरी पिस्टनच्या कडा खाऊन टाकतं. म्हणून टर्बोचा दाब उतरवणं भाग असतं, आणि पाचशे अश्वशक्तीच्या आकड्यामागे फेऱ्यांइतकाच या दाबाचाही वाटा असतो.

ट्यूनिंग म्हणजे काय, ते डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दिसतं. डायनोचा ब्रेक इंजिनाला ठरलेल्या फेऱ्यांवर धरून ठेवतो, समजा ६,००० वर. मग ठिणगीची वेळ एकेक अंशाने आधी आणायची. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढत जातो, मग वाढ मंदावते, मग थांबते. काही ठिकाणी टॉर्क थांबण्याआधीच नॉकिंग ऐकू येतं. तिथून दोनेक अंश मागे यायचं, आकडा नोंदवायचा आणि पुढच्या चौकटीत जायचं. फेऱ्या एका बाजूला, दाब दुसऱ्या बाजूला, अशा शेकडो चौकटी. जोडीला हवा-इंधनाचं प्रमाण. पूर्ण ज्वलनासाठी पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, पण भरधाव टर्बो इंजिनाला मुद्दाम बाराच्या आसपास ठेवतात. जास्तीचं पेट्रोल जळायला नसतंच, त्याच्या बाष्पीभवनाने सिलिंडर थंड राहतो. मायलेज विचारू नये.

भरधाव चौकटी मात्र त्यातल्या त्यात सोप्या. जीव काढतात त्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या, म्हणजे गाडी उभी असतानाच्या. शर्यतीच्या कॅममुळे आत येणारा आणि बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बराच वेळ एकदम उघडे असतात. दहा हजारांवर त्याचा फायदा होतो, कारण बाहेर जाणाऱ्या वायूच्या वेगाने ताजं मिश्रण आत ओढलं जातं. हजार फेऱ्यांवर तोच जळका वायू मागे फिरून ताज्या मिश्रणात घुसतो, ज्वलन कधी होतं कधी नाही, आणि इंजिन गचके खातं. टर्बोलाही तेव्हा वारा नसतो. दाब नसलेलं, सातच्या आसपास कॉम्प्रेशनचं, म्हणजे मिश्रण सातेक पटच दाबणारं, दीड लिटर इंजिन म्हणजे साध्या हॅचबॅकपेक्षाही मरतुकडं. मर्सिडीजने २०१७ मध्ये एएमजी वन जाहीर केली तेव्हा त्यांना हेच भोवलं. फॉर्म्युला वनचं त्यांचं इंजिन ५,००० वर आयडल करायचं, म्हणजे गाडी उभी असतानाही तेवढं फिरायचं. ते १,२०० वर आणून, धुराच्या नियमांत बसवून गाड्या गिऱ्हाइकांच्या दारात पोचायला २०२३ उजाडलं.

बाकीची कामं कटकटीची, पण सरळ. त्या काळच्या बहुतेक शर्यती गाड्यांना स्वतःचा स्टार्टर नसे, बाहेरून दाबलेल्या हवेवर इंजिन फिरवत. इथे स्टार्टर हवा, अल्टरनेटर हवा. रेडिएटरला पंखा हवा, कारण सिग्नलला समोरून वारा येत नाही. शर्यतीत इंजिन हाच गाडीच्या सांगाड्याचा भाग असायचा, मागची चाकंही त्याच्याच आधाराने उभी; इथे ते टांगायला ब्रॅकेट लागतात.

असं इंजिन रस्त्यावर आलं तरी त्याचा हिशोब किलोमीटरवर ठेवत नाहीत, तासांवर ठेवतात. दर काही तासांनी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि त्यातल्या धातूंचं प्रमाण दशलक्षांशात मोजून येतं. लोह वाढलं तर संशय क्रँक आणि कॅमवर, तांबं-शिसं वाढलं तर बेअरिंगवर, ॲल्युमिनियम वाढलं तर पिस्टनवर. एखादा सुटा आकडा फारसा कामाचा नसतो, मागच्या चार अहवालांपेक्षा तो किती चढला ते बघायचं. तांब्याचा आकडा दोन अहवालांत दुप्पट झाला तर गाडी कितीही गोड चालत असली तरी इंजिन उतरवून बेअरिंग बदलतात. ते काम पंधरा-वीस हजारांत निस्तरणारं नसतं, पण तिथे चालढकल केली तर क्रँकच जातो, आणि १९८४ चा क्रँक दुकानात मिळत नाही.