तीन ग्रे, एक पारवा भिंत

दिवाळीआधी जुळे सोलापुरातल्या आमच्या घराचा हॉल रंगवायला काढला, तेव्हा शेड कार्डावरचे तीन ग्रे शिल्लक उरले होते आणि त्या तिघांवरून घरात चार दिवस वाद चालला. आईचं म्हणणं, तिन्ही सिमेंटच की, त्यात बघायचं काय. बायकोला मधला हवा होता, मला डावीकडचा. पेंटर पुट्टी घासता घासता म्हणाला, "मालक, भितीवर गेल्यावर सगळे सारखेच दिसतेत, उगं डोकं लावू नका." मी लावलं. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली कार्ड धरून डावीकडचा घेतला, दोन कोट झाले, संध्याकाळी ट्यूब लावली आणि आई दारातच थांबून म्हणाली, "अरे, हा तर पारवा झाला!"

पारवा म्हणजे कबुतराच्या मानेसारखा, जांभळट राखाडी. साडीला झकास दिसतो, पण हॉलला?

आधी वाटलं दुकानदाराने डबा चुकीचा दिला. पण वाळलेल्या भिंतीला कार्ड टेकवून बघितलं तर दोन्ही तंतोतंत एकच. मग लागलो वाचायला.

आपण ज्याला ग्रे म्हणतो तो बहुतेक वेळा नुसता काळा-पांढरा नसतोच. डब्यात पांढरा बेस असतो, म्हणजे मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड, आणि टिंटिंग मशीन त्यात काळा, लाल ऑक्साइड, पिवळा, निळा असं थोडं थोडं सोडतं. इतकंच काय, नुसता कार्बन ब्लॅक टाकला तरी त्याचे कण बारीक असले तर ग्रे तपकिरीकडे झुकतो आणि जाडे असले तर निळ्याकडे. या झुकण्याला अंडरटोन म्हणतात, आणि दोन ग्रे सारखे दिसतात तेव्हा खरा फरक तिथंच असतो.

मग कार्डावर तो का नाही दिसला? इथं मला सगळ्यात मजा आली. समजा एक ग्रे निळा उजेड ६२ टक्के परत फेकतो आणि लाल ५८ टक्के. कार्डावर उजेड एकदा आपटून डोळ्यात येतो, निळा लालपेक्षा जेमतेम ७ टक्के जास्त. पण खोलीत समोरासमोर चार भिंती त्याच रंगाच्या, उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर जातो, दोनदा आपटला की फरक १४ टक्के, तीनदा आपटला की २२. म्हणजे खोली स्वतःचाच रंग स्वतःवर चढवत बसते, कोपऱ्यात तर जास्तच. शिवाय डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध एक पिवळा डाग असतो, तो निळा उजेड थोडा खातो, त्यामुळे लहान तुकड्यापेक्षा मोठ्या भिंतीतला निळा जास्त जाणवतो. रंगमापनाचं जुनं १९३१ चं प्रमाण हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढ्या क्षेत्रावर बेतलेलं होतं, मोठ्या क्षेत्रासाठी १९६४ मध्ये वेगळं प्रमाण करावं लागलं ते याचमुळे.

दिव्यांचं तर विचारूच नका. वॉर्म व्हाइट एलईडी ३००० केल्विनच्या आसपास, आणि आपल्याकडे घरोघरी असतो तो पांढराशुभ्र एलईडी ६५०० चा. पहिल्यात निळा कमी, म्हणून दुकानात माझा जांभळट ग्रे सज्जन दिसला. दिशांचं पण असंच आहे. इंटरनेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की उत्तरेच्या खोलीत थंड निळसर उजेड येतो, तिथं ग्रे टाळा. ते लंडन-न्यूयॉर्कचं झालं हो. सोलापूर साडेसतरा अंशाच्या थोडं वर, इथं मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलै संपेपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. आमच्या उत्तरेच्या खिडकीत उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ चक्क ऊन येतं आणि वर शेजाऱ्याच्या गुलाबी कंपाउंडवरून उडालेला उजेड, तो वेगळाच.

हे सगळं काकांना सांगितलं तर ते हसायला लागले. काका अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, डाइंगला. त्यांच्याकडे लाइट बॉक्स असतो, आतून करडा रंगवलेला खोका, त्यात तीन-चार प्रकारचे दिवे. त्यांनी मला दोन कापडाचे तुकडे शेजारी ठेवून दाखवले, दिवसाच्या उजेडाच्या बटनाला दोन्ही जुळे भाऊ, पिवळ्या दिव्याचं बटन दाबलं की एक हिरवट, एक लालसर. याला मेटामेरिझम म्हणतात, डाय वेगळे असले की हे व्हायचंच. "बायर असल्यावर आम्ही एका दिव्याखाली कधी ओके करत नाही, आणि तू आयुष्यभर बघायची भिंत एका दिव्याखाली ठरवलीस," असं म्हणून वर चहा पाजला.

खोका आतून करडाच का, याचं उत्तर दोनशे वर्षं जुनं आहे आणि तेही कापडाच्याच धंद्यातलं. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत १८२४ मध्ये शेव्रल नावाचा केमिस्ट डाइंगचा प्रमुख झाला. तक्रार अशी की तुमचा काळा धागा निळ्या-जांभळ्याशेजारी विणला की फिका दिसतो. त्याने दुसरीकडचा काळा मागवून ताडून बघितला, डायमध्ये खोट नव्हतीच. शेजारचा रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा काळ्यावर ढकलत होता. म्हणून खोका करडा, तो कुणावर काही ढकलत नाही. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड पुस्तक लिहिलं (आणि माणूस जगला १०२ वर्षं). ग्रे या ढकलाढकलीत सगळ्यात आधी बळी पडतो, कारण त्याला स्वतःचा रंगच नावापुरता. मरून सोफ्यामागे तो हिरवट होतो, निळसर शहाबादीवर पिवळट.

आता बायको बेडरूमला ग्रेच म्हणतेय, तर यावेळी मी पुठ्ठ्याचे दोन फुटी तुकडे मधोमध दुमडून आतून रंगवलेत, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यासारखा उजेड आपटतो. चारी बाजूंनी पांढरी पट्टी सोडलीय, नाहीतर जुनी पिस्ता भिंत मध्ये बोलते. रंग पूर्ण वाळल्यावरच बघायचा, ओलं इमल्शन दुधाळ असतं, वाळल्यावर बहुतेक गडद होतं. कार्डामागे एलआरव्ही म्हणून आकडा असतो, किती टक्के उजेड परत येतो तो. फक्त त्यात फसू नका, डोळ्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधला वाटणारा ग्रे ५० चा नसतो, १८ च्या आसपासचा असतो.

हॉल अजून तसाच आहे, परत रंगवायचे पैसे नाहीत. आईने मात्र दिवाणावर गडद जांभळी सोलापुरी चादर टाकली, पेटीत पडून होती म्हणून. परवा काका आले, भिंतीकडे बघून म्हणाले, "हा तर साधा ग्रे आहे की रे, जांभळा कुठाय?" आई म्हणाली, "चादरीनं ओढून घेतला."