तरुण महाकाय तारकागुच्छ

वय १० कोटी वर्षांच्या आत आणि वस्तुमान सूर्याच्या किमान १०,००० पट असलेल्या दाट तारकागुच्छास तरुण महाकाय तारकागुच्छ म्हणतात. कृत्तिका वयाने या मर्यादेच्या जवळपास येते, पण तिचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ८०० पट भरते. आकाशगंगेत वेस्टरलुंड १ आणि केंद्राजवळचा आर्चेस ही परिचित उदाहरणे. एकमेकींवर आदळणाऱ्या अँटेना दीर्घिकांमध्ये हबल दुर्बिणीला मात्र तरुण गुच्छ शेकड्यांनी सापडले.

निर्मिती : नुसता भरपूर वायू असून भागत नाही. नव्या ताऱ्यांनी उधळून लावण्याआधी तो काही पार्सेकांच्या (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) जागेत गोळा व्हावा लागतो. दीर्घिकांच्या टकरीत बाहेरचा दाब प्रचंड वाढतो, म्हणून तेथे हे सहज घडते. अँटेनामधील ‘फायरक्रॅकर’ या रेणवीय मेघात (ज्यातून तारे जन्मतात अशा थंड, दाट वायूच्या ढगात) सूर्याच्या काही दशलक्ष पट वायू आहे, पण तारे जवळजवळ नाहीत. असे मेघ क्वचितच दिसतात, कारण ही अवस्था फार लवकर संपते.

वायूची हकालपट्टी : गुच्छ जगणार की विखुरणार, हे मुख्यतः येथेच ठरते. मेघातील एक तृतीयांशाहून कमी वायूचे तारे झाले आणि उरलेला झटकन निघून गेला, तर ताऱ्यांना बांधून ठेवणारे गुरुत्वाकर्षण अपुरे पडते. तोच वायू सावकाश गेला, तर गुच्छ फुगतो पण टिकतो. वायू हटवण्याचे श्रेय सरसकट अतिनवताऱ्यांना (आयुष्याच्या अखेरीस स्फोट होणाऱ्या जड ताऱ्यांना) देणे चुकीचे आहे : पहिला स्फोट व्हायला सुमारे ३० लाख वर्षे लागतात आणि अनेक गुच्छ त्याआधीच वायुमुक्त झालेले असतात. हे काम अतिनील किरण, प्रारणदाब (प्रकाशाचा वायूवर पडणारा दाब) आणि तारकीय वारे (ताऱ्यांमधून वाहणारे कणांचे झोत) करतात. मात्र अतिनील किरणांनी तापून आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेला) झालेला वायू सेकंदाला सुमारे १० किमी वेगानेच पसरतो. गुच्छाचा मुक्तिवेग (त्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटण्यास लागणारा वेग) त्याहून जास्त असेल, तर नुसत्या तापण्याने वायू सुटत नाही.

आर १३६ : मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील टॅरँट्युला अभ्रिकेच्या (तेजस्वी वायुमेघाच्या) गाभ्यातला हा गुच्छ सुमारे १,६०,००० प्रकाशवर्षांवर असून वय १० ते २० लाख वर्षे आहे. त्याच्या मध्यभागी सूर्याच्या हजारपटीहून जड असा एकच तारा असावा, असे अनेकांचे मत होते. १९८५ मध्ये स्पेकल तंत्राने (अनेक अतिअल्पकालीन छायाचित्रांवरून वातावरणाचा धूसरपणा काढण्याच्या पद्धतीने) तो अनेक ताऱ्यांचा घोळका असल्याचे दिसले. त्यांतील आर १३६ए१ हा तरीही सूर्याच्या सुमारे २०० पट भरतो.

मापनातील चुका : धुळीने लाल झालेला कोवळा गुच्छ रंगावरून म्हातारा वाटतो, हायड्रोजनची उत्सर्जन रेषा (तरुण उष्ण ताऱ्यांनी उजळलेल्या वायूची वर्णपटातील खूण) तपासली की उलगडा होतो. ताऱ्यांच्या वेगांवरून वस्तुमान काढताना जोडताऱ्यांची आपसातली गती मिसळते आणि आकडा फुगतो.

पुढील उत्क्रांती : जड तारे गाभ्याकडे सरकतात, तेथील निकट भेटींत काही तारे गोफणीतून सुटल्यासारखे बाहेर फेकले जातात. तारे म्हातारे होताना द्रव्य गमावतात. सर्पिल दीर्घिकेच्या तबकडीत जवळून जाणारे रेणवीय मेघ गुच्छाला आणखी खिळखिळे करतात. जे जड आणि दाट गुच्छ यातून वाचतात, तेच पुढे गोलाकार तारकागुच्छ (चेंडूसारखे दाट, अतिवृद्ध गुच्छ) ठरू शकतात.