रक्त पिणाऱ्याचं गणित

नुकत्याच पाहिलेल्या एका व्हॅम्पायरपटात एक प्रसंग खरोखर उत्तम जमला आहे. रात्रीची वेळ. दाराबाहेर तो उभा आहे, आत एक बाई. दार सताड उघडं आहे, तरी त्याला आत येता येत नाही. घरातल्या माणसाने 'या' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरठा ओलांडता येत नाही, हा नियम सिनेमाने आधीच सांगून ठेवला आहे. तो गोड बोलतो, प्यायला पाणी मागतो, तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घेतो. तिच्या ओठांपर्यंत शब्द येतो आणि थांबतो. रक्ताचा एक थेंब दिसत नाही, पार्श्वसंगीतही नाही, पण अंगावर काटा येतो.

पुढे हाच व्हॅम्पायर दुसऱ्या एका घराच्या खिडकीची काच फोडून सरळ आत शिरतो. त्याला कोणी बोलावलेलं नाही, आणि हे कसं घडलं याबद्दल चकार शब्द नाही. तिथून सिनेमा घसरतो तो घसरतोच. आरशात न दिसणारा हा प्राणी मोबाइलच्या व्हिडिओत स्वच्छ दिसतो. चावल्यावर बाकीची माणसं मिनिटभरात पालटतात, नायिकेच्या बहिणीला मात्र तीन दिवस लागतात, कारण तिला वाचवायला नायिकेला तेवढा वेळ हवा असतो. तीनशे वर्षं शवपेटीत उपाशी पडलेला व्हॅम्पायर ताजातवाना उठतो आणि त्याचाच चेला एका रात्रीच्या उपासाने कोसळतो. इतक्या चांगल्या सुरुवातीचा असा विचका झालेला पाहून वाईट वाटतं.

"सिनेमाच तो, त्यात कसलं लॉजिक शोधायचं?" हे यावरचं ठरलेलं उत्तर. ज्याला मेलेला माणूस चालतो-बोलतो हे चालतं, त्याने खिडकीवरून एवढं अडून का बसावं? हा प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यावा असा आहे, कारण त्याचं उत्तर मेंदूच्या अभ्यासातून मिळतं.

१९८० मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या संशोधकांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली. त्यांतलं एक साधारण असं होतं : त्याने गरम पावाला मोजे लावले. 'मोजे' हा शब्द आला की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठळक ऋण लाट उमटायची. तिला एन-४०० म्हणतात. पुढे येणाऱ्या शब्दाचा अर्थ आधीच्या संदर्भात बसला नाही की ही लाट मोठी होते. वाचणाऱ्याला 'हे काहीतरी चुकतंय' असं म्हणायला वेळ मिळण्याआधीच मेंदूने ती नोंद केलेली असते.

खरी गंमत २००६ च्या प्रयोगात आहे. मान्टे न्यूलँड आणि योस फान बेर्कुम या डच संशोधकांनी लोकांना एका शेंगदाण्याची गोष्ट ऐकवली. हा शेंगदाणा हसतो, नाचतो, गाणी म्हणतो, कारण त्याला एक मैत्रीण भेटली आहे. गोष्ट रंगात आल्यावर एका वाक्यात शेंगदाणा 'प्रेमात पडलेला' निघाला आणि दुसऱ्या पर्यायात 'खारवलेला'. खऱ्या जगात शेंगदाणा खारवलेलाच असतो. तरी ऐकणाऱ्यांच्या मेंदूत मोठी लाट उमटली ती 'खारवलेला' या शब्दाला. प्रेमात पडलेला शेंगदाणा त्यांनी बिनतक्रार स्वीकारला होता. मेंदू गोष्टीतलं जग खऱ्या जगाशी ताडून पाहत बसत नाही. गोष्टीने जे नियम दिले त्यांवरून तो पुढचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज मोडला की अडखळतो. उंबरठ्याचा नियम आपण मनापासून मान्य केलेला असतो, म्हणूनच फुटलेली खिडकी खुपते.

जादूच्या बाबतीतही माणूस हिशेब सोडत नाही. अँड्र्यू श्टुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१७ मध्ये लोकांना विचारलं : मंत्र टाकून हवेत तरंगवायला बास्केटबॉल अवघड की बोलिंगचा जड चेंडू? दोन्ही गोष्टी अशक्य आहेत, तेव्हा उत्तर 'सारखंच' असायला हवं. पण लोकांचा कल जड चेंडूकडे गेला. अशक्य गोष्टीलाही किंमत मोजावी लागते, आणि गोष्ट जितकी मोठी तितकी किंमत जास्त, असं आपण न सांगता धरून चालतो. त्या सिनेमातला व्हॅम्पायर मला फसवा वाटला तो इथे. त्याला कशाचीच किंमत पडत नाही.

भयपटाला हे इतर कुठल्याही प्रकारापेक्षा महागात पडतं, कारण भीतीच मुळी अंदाजावर उभी असते. डीन मॉब्स आणि त्यांच्या लंडनमधल्या गटाने २००७ मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून एक संगणकीय खेळ खेळायला दिला. चक्रव्यूहात एक शिकारी तुमचा पाठलाग करतो आणि त्याने गाठलं तर हाताला खराखुरा विजेचा झटका बसतो. शिकारी दूर असताना कपाळामागचा, विचार आणि बेत करणारा भाग जास्त काम करत होता. तो जवळ आला तसतशी सूत्रं मध्यमेंदूतल्या जुन्या, पळ काढण्याच्या आणि थिजून जाण्याच्या केंद्राकडे गेली. म्हणजे धोका किती दूर आहे याचा हिशेब हाच भीतीचा गाभा. व्हॅम्पायरपटात हे अंतर मीटरमध्ये नसतं, ते नियमांत असतं. उंबरठा, उजाडायला उरलेला वेळ, चाव्यानंतरची मुदत. नियम कुठेही वाकू लागले की अंतर मोजायचं कशाने?

मग दिग्दर्शकाच्या हाती एकच हत्यार उरतं, दचकवण्याचं. अचानक मोठा आवाज झाला की मेंदूच्या खोडातून जाणाऱ्या छोट्या वाटेने संदेश धावतो आणि सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत पापण्या मिटायला लागतात. त्याला कथेवर विश्वास लागत नाही, पात्रांबद्दल माया लागत नाही. पण ही प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा चाळवली की बोथट होत जाते. या सिनेमाचा उत्तरार्ध म्हणजे धाडकन बंद होणारी दारं आणि किंचाळ्या, आणि त्यांचा परिणाम दर वेळी कमी होत जातो.

लेखकांनी नियम कुठून आणायचे होते? रक्तावर जगणारे खरे प्राणी आहेत, आणि त्यांचं आयुष्य या पटकथेपेक्षा कितीतरी थरारक आहे. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत आढळणाऱ्या वटवाघळांच्या तीन जाती निव्वळ रक्तावर जगतात. त्यांतलं सर्वांत परिचित वटवाघूळ तीस-चाळीस ग्रॅमचं असतं. ते झोपलेल्या गुराजवळ जमिनीवर उतरतं, चालत किंवा उड्या मारत पायापर्यंत जातं, नाकातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंनी कातडीजवळची गरम रक्तवाहिनी हेरतं आणि पुढच्या धारदार दातांनी एक छोटा तुकडा उडवतं. ते रक्त ओढत नाही, चाटतं. लाळेतली द्रव्यं रक्त गोठू देत नाहीत, म्हणून जखम वाहत राहते.

इथून त्याची अडचण सुरू होते. रक्त म्हणजे जवळजवळ ऐंशी टक्के पाणी, आणि उरलेला भाग बहुतेक सगळा प्रथिनांचा. चरबी आणि साखर नाममात्र. स्वतःच्या निम्म्या वजनाएवढं रक्त प्यायल्यावर उडणार कसं? म्हणून पिणं सुरू असतानाच त्याची मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकायला लागतात. चरबीचा साठा होत नाही, त्यामुळे दोन-तीन रात्री शिकार हुकली की मरण. जेरल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकात अभ्यास करून १९८४ मध्ये दाखवलं, की उपाशी परतलेल्या वटवाघळाला ढोलीतली सोबतीण आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवते, आणि ही मदत नातलगांबरोबरच रोजच्या सोबतिणींनाही मिळते. याशिवाय रक्तातून येणाऱ्या जादा लोहाचा प्रश्न आहेच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या वटवाघळाने गमावलेली १३ जनुकं सापडली. त्यांतल्या एकाचा संबंध आतड्यातलं जादा लोह बाहेर टाकण्याशी असावा, असं संशोधकांना वाटतं.

आता हाच हिशेब माणसाच्या आकाराच्या प्राण्याला लावून पाहू. एक लिटर रक्तात साधारण दोनशे ग्रॅम प्रथिनं, म्हणजे आठशेच्या आसपास कॅलरी. दिवसाला दोन हजार कॅलरी लागत असतील तर रोज अडीच लिटर रक्त हवं. प्रौढ माणसाच्या अंगात ते पाचेक लिटर असतं आणि दोन लिटरहून जास्त गेलं की तातडीच्या उपचाराविना तो वाचणं कठीण. म्हणजे रात्रीला एक बळी. त्या अडीच लिटरमधून सव्वा ग्रॅमच्या आसपास लोह पोटात जाणार. माणसाचं शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषतं आणि जादा लोह बाहेर टाकायची सोय त्याच्याकडे नाही. अशा प्राण्याचं यकृत काय दशेला जाईल याचा विचार करून एखाद्या पटकथाकाराने त्याच्या कातडीचा रंग ठरवला असता तर मी त्याला मनापासून दाद दिली असती.

दुसरा मार्ग जळूचा. ती आपल्या वजनाच्या कित्येक पट रक्त एकदम पिते आणि ते महिनोन्‌महिने पुरवते. हे तिला जमतं, कारण तिचं अंग थंड असतं आणि हालचाल अगदी कमी. वटवाघूळ गरम रक्ताचं, चपळ, म्हणून त्याला रोज हवं. या दोन जगण्यांच्या मध्ये निसर्गाने पळवाट ठेवलेली नाही. सिनेमातला व्हॅम्पायर हाताला थंडगार लागतो, शतकानुशतकं निजतो आणि जागा झाला की बिबट्यासारखा धावतो. जळूची काटकसर आणि वटवाघळाचा वेग दोन्ही त्याला फुकट मिळालं आहे. यांतलं एकच निवडलं असतं तरी कथा सावरली असती. जळूसारखा व्हॅम्पायर संथ असता, पण त्याला वाट पाहता आली असती. वटवाघळासारख्याला दर रात्री बाहेर पडावंच लागलं असतं.

संख्येचं गणित तर याहून सोपं आहे. चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होतो आणि प्रत्येक व्हॅम्पायर रात्री एकाला चावतो, असं सिनेमा सांगतो. म्हणजे संख्या रोज दुप्पट. ३३ रात्रींनंतर ती ८५९ कोटी होते, पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा जास्त. कोस्टास एफ्थिमिऊ आणि सोहांग गांधी या भौतिकशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये याहून सौम्य हिशेब मांडला होता : १६०० साली एक व्हॅम्पायर, महिन्याला एकच बळी, तेव्हाची लोकसंख्या सुमारे ५४ कोटी. तरी अडीच वर्षांत माणूस संपतो. या सिनेमातला व्हॅम्पायर झोपी जाण्याआधी कित्येक पिढ्या त्याच शहरात शिकार करत होता म्हणे, आणि शहर अजून गजबजलेलं आहे.

आरशाबद्दल थोडक्यात. एखादी वस्तू डोळ्याला दिसते, कारण तिच्यावरून परतलेला प्रकाश डोळ्यात शिरतो. तोच प्रकाश आरशाकडेही जातो. जुन्या आरशामागे चांदी असते म्हणून व्हॅम्पायर त्यात दिसत नाही, असं म्हणायचं तर आजचे बरेच आरसे ॲल्युमिनियमचे असतात. सूर्यप्रकाशाचा नियम तर सिनेमानेच दिलेला. १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतला काउंट दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो. उन्हाने मरणारा व्हॅम्पायर १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासून रूढ झाला. उन्हाने कातडी भाजणारा पोर्फिरिया नावाचा आजार खरा आहे आणि १९८५ मध्ये एका रसायनशास्त्रज्ञाने, हे रुग्ण आराम पडावा म्हणून रक्त पीत असावेत असं म्हणत, त्याचा संबंध व्हॅम्पायरच्या दंतकथेशी जोडला होता. तो दावा टिकला नाही. प्यायलेलं रक्त पोटात पचून जातं, त्याने या रुग्णांना काही फायदा होत नाही. तरी हा दुवा आजही सांगितला जातो आणि आधीच त्रासात असलेल्या माणसांना राक्षसाच्या पंगतीत बसवतो. तो सांगणं थांबायला हवं.

व्हॅम्पायरच्या मूळ समजुतीत मात्र सुसंगती होती. १७३२ मध्ये योहान फ्ल्युकिंगर या ऑस्ट्रियन लष्करी शल्यवैद्याने सर्बियातल्या मेद्वेजा गावात थडगी उघडून लेखी अहवाल दिला. काही प्रेतं कुजलेली नव्हती, आत पातळ रक्त होतं, जुनी कातडी आणि नखं गळून खाली नवी दिसत होती. मिलित्सा नावाची बाई जन्मभर सडपातळ, पण थडग्यात अंगाने भरलेली सापडली. आज आपल्याला कारणं माहीत आहेत. जंतूंनी तयार केलेल्या वायूने शरीर फुगतं, त्याच दाबाने तांबूस द्रव तोंडापर्यंत येतो, वरची त्वचा सुटते. छातीत खुंटी ठोकली की वायू बाहेर पडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. गावकऱ्यांचा निष्कर्ष चुकला, पण त्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं आणि प्रत्येक नियमामागे एक निरीक्षण होतं. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने गेरार्ड फान स्वीटेन या वैद्याचा अहवाल मागवून प्रेतं उकरण्यावर बंदी आणली.

मेलेला आधी आपल्याच घरच्यांना नेतो, हाही त्या नियमांपैकी एक. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्सेटर गावी मर्सी ब्राउन ही १९ वर्षांची मुलगी क्षयाने गेली. आई आणि थोरली बहीण आधीच गेल्या होत्या, भाऊ एडविन अंथरुणाला खिळला होता. शेजाऱ्यांच्या आग्रहाखातर तिचं प्रेत बाहेर काढलं गेलं. कडाक्याच्या थंडीमुळे ते टिकलं होतं. हृदय आणि यकृत जाळून ती राख पाण्यातून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू जगासमोर आणला त्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती. एका छताखाली, एकाच हवेत श्वास घेणाऱ्यांत क्षय एकामागून एक पसरतो आणि तो पसरताना दिसतो तो अगदी असाच.

सिनेमात एक म्हातारी हे वाक्य बोलते, "तो पहिल्यांदा आपल्या माणसांकडेच येतो." पुढच्या सव्वा तासात एकही मेलेला आपल्या घरी परत येत नाही.