बंदरातला गाळ घट्ट होतो तो कशामुळे?

बंदरातून उपसलेल्या गाळाच्या विटा केल्याची बातमी अधूनमधून येते आणि हमखास कुणीतरी म्हणतं, ‘यात काय एवढं? उन्हात सुकवायचा आणि वापरायचा!’ सुकवून बघाच. वर खपली धरते, भेगा पडतात आणि ती खपलीच बाष्पीभवन अडवते. खालचा गाळ महिनोन्‌महिने ओलाच.

अशा गाळात कोरड्या मातीच्या दीडपट वजनाचं पाणी असणं नेहमीचंच. म्हणजे एका घनमीटरमध्ये सुमारे ८०० लिटर पाणी आणि माती जेमतेम अर्धा टन. यातली वाळू काढणं सोपं. हायड्रोसायक्लोनमध्ये गाळ गरगर फिरवला की जड कण भिंतीकडे जाऊन वेगळे होतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात १९९३ साली असा मोठा कारखाना सुरू झाला. खरं दुखणं उरलेल्या चिकणमातीचं.

तिचे कण दोन मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात) लहान आणि चपटे. चिकणमातीत आढळणाऱ्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या एका ग्रॅममधल्या सगळ्या थरांचं क्षेत्रफळ ७०० चौरस मीटरच्या घरात जातं. या सपाट बाजूंवर ऋणभार असतो, त्यामुळे सोडियमसारखे धन आयन (धनभार असलेले कण) आपापलं पाणी घेऊन तिथे गर्दी करतात. खाऱ्या पाण्यात हे कण एकमेकांना वेडेवाकडे टेकून पत्त्यांचा बंगला उभा करतात आणि त्याच्या बारीक पोकळ्यांत पाणी अडकतं. पाण्याला बाहेर पडायच्या वाटा इतक्या अरुंद की दाब देऊनही ते चटकन निघत नाही.

आता त्यात कळीचा चुना घाला. चुना पाणी ‘पिऊन टाकतो’ असं सर्रास लिहिलं जातं. हिशेब करू. ५६ ग्रॅम चुना विरताना १८ ग्रॅम पाणी घेतो. त्या ८०० लिटरसाठी अडीच टन चुना लागेल, मातीच्या पाचपट! तेव्हा मुख्य काम वेगळंच आहे. चुन्यातला कॅल्शियम दोन धनभारांचा. तो सोडियमला हटवून जागा घेतो, कणांभोवतीचं पाण्याचं वेष्टण पातळ होतं, कण गोळा होतात आणि चिकट गाळ थोड्याच वेळात भुसभुशीत होऊ लागतो. दुसरं काम संथपणे चालतं. चुन्यामुळे पाण्याचा सामू (pH, आम्ल-अल्क मोजण्याचा आकडा) १२.४ च्या आसपास पोचतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात मातीतली सिलिका आणि अॅल्युमिना विरघळू लागतात, कॅल्शियमशी संयोग पावतात आणि कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं. सिमेंटला बळ देणारा पदार्थ मुख्यतः हाच. ही क्रिया महिनोन्‌महिने चालते. म्हणून सातव्या दिवसाची ताकद पाहून गाळाला नापास करू नये.

यात खोडा घालणारेही आहेत. कुजलेल्या वनस्पतींतली ह्युमिक आम्लं कॅल्शियम अडवून धरतात. सल्फेट जास्त असेल तर एट्रिंगाइट या कॅल्शियम, अॅल्युमिनियम आणि सल्फेट असलेल्या खनिजाचे सुईसारखे स्फटिक वाढून घट्ट झालेला थर फुगतो, तडकतो. गाळ बदलला की मिश्रणाचं प्रमाणही बदलावं लागतं. म्हणूनच ‘चिमूटभर पावडरीत कुठल्याही गाळाचा दगड’ असं सांगणाऱ्याला एवढंच विचारावं: नमुना पाण्यात बुडवून ठेवल्यावर त्याची ताकद किती उरली? आणि त्यातून जड धातू किती झिरपले?

विटांचं कौतुक मला जरा जास्तच वाटतं. भट्टीत हजार अंशांच्या आसपास काही धातू काचेसारख्या भागात बंदिस्त होतात हे खरं, पण आधी ते सगळं पाणी काढायला इंधन जाळावं लागतं, शिवाय समुद्री मीठ विटेवर पांढरं फुलून येतं. त्यापेक्षा बंदराजवळच भराव घालणं शहाणपणाचं. जपानमध्ये २००५ साली सुरू झालेल्या चुबू विमानतळाच्या बेटासाठी नागोया बंदराचा गाळ असाच वापरला. नळीतून गाळ ढकलताना आत दाबाची हवा सोडली की गाळाचे तुकडे तुकडे होऊन पुढे सरकतात आणि प्रत्येक तुकड्याच्या आत घुसळण होते. मधेच, चुन्याच्या जागी, सिमेंट सोडायचं. वेगळं मिक्सर लागत नाही. नळीच्या तोंडातून जे पडतं ते मिसळलेलंच असतं, आणि पडल्या जागी घट्ट होत जातं.