वजन अडकणे (लो-कार्ब आहारात)

कमी कर्बोदकांच्या, म्हणजे लो-कार्ब आहाराने उतरत असलेले वजन काही महिन्यांनी एका आकड्यावर येऊन थांबते, पथ्य चालू असतानाही. जिममध्ये याला ‘प्लॅटो’ म्हणतात, घरात ‘काटा हलत नाही’. आठ-दहा दिवस वजन तेच राहिले म्हणून ते अडकले असे नव्हे. तीन-चार आठवड्यांत वजनही उतरले नाही आणि कंबरही कमी झाली नाही, तरच तसे समजावे. दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असलेल्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. कीटो आहारात हे प्रमाण २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली येते.

सुरुवातीची घट फसवी असते. यकृत आणि स्नायू मिळून शरीरात सुमारे ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी असते. पोळी-भात बंद झाला की हा साठा रिकामा होऊ लागतो, पाणी लघवीवाटे निघून जाते आणि पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो उतरलेले दिसतात. त्यात चरबी थोडीच असते. पुढे गती मंदावली की माणूस धास्तावतो, पण खरी गती तीच. एखाद्या लग्नात श्रीखंड-पुरी झाल्यावर दुसऱ्या दिवशी काटा किलो-दीड किलो वर जातो, तोही बव्हंशी पाण्यामुळेच. पाळीच्या आधी स्त्रियांच्या वजनात असाच चढ दिसतो, म्हणून त्यांनी महिन्याच्या त्याच दिवसांतल्या वजनाशी तुलना करावी.

वजन खरोखर अडकते ते वेगळ्या कारणाने. लहान झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते. शिवाय उतरलेल्या वजनाच्या मानाने जेवढा खर्च कमी व्हायला हवा, त्याहून तो अधिकच आखडतो. रॉकफेलर विद्यापीठातील लिबेल, रोझेनबाम आणि हिर्श यांनी १९९५ मध्ये हे मोजून दाखवले. चरबीच्या पेशींत तयार होणारे लेप्टिन हे संप्रेरक, ज्याचा शोध १९९४ मध्ये लागला, वजनाबरोबर घटते आणि मेंदू भूक वाढवतो. वजन एक किलो उतरले की रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. नऊ किलो उतरवलेल्या माणसाचा खर्च दोन-अडीचशे कॅलरींनी घटलेला असतो आणि भूक नऊशेंनी वाढलेली. ‘मेटाबॉलिझम बंद पडला’ ही तक्रार म्हणूनच अर्धवट आहे. खर्च घटतोच, पण त्याहून मोठा वाटा भुकेचा, आणि तिच्यापुढे हात कधी सैल झाला ते त्या माणसालाही कळत नाही. यात आळस किंवा चारित्र्याचा दोष शोधणे अन्यायाचे आहे.

अशा वेळी पहिला विचार येतो तो कर्बोदके आणखी तोडण्याचा. त्याने फारसे साधत नाही. इस्रायलमध्ये ३२२ जणांवर दोन वर्षे चाललेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लो-कार्बसह तिन्ही आहारगटांची मुख्य घट पहिल्या सहा महिन्यांतच झाली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जण होते. वर्षभरात लो-कार्ब गटाचे सरासरी ६ किलो आणि कमी स्निग्धांशाच्या गटाचे ५.३ किलो वजन उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य ठरला. चरबी जळताना तयार होणारी कीटोन ही द्रव्ये लघवीत दाखवणाऱ्या पट्टीवरही भिस्त ठेवू नये. तूप-लोणी जास्त खाल्ले तरी कीटोन वाढतात, आणि ते पोटावरच्याच चरबीतून आले की चमच्यातल्या तुपातून, हे पट्टीला कळत नाही.

इंदूरमधल्या मराठी घरांत वजन कुठे अडकते, हे स्वयंपाकघरात आणि डायनिंग टेबलावर दिसते. होळकरांच्या काळापासून इथे स्थिरावलेल्या कुटुंबांच्या जेवणात वरण-भात आणि माळव्याची शेव दोन्ही मुरलेली आहेत. लो-कार्ब करणारा शेव-जिरावण भुरभुरलेले पोहे आणि जिलेबी निष्ठेने सोडतो, शेवेची बरणी मात्र जागेवर राहते. बेसनाची आहे, साखर-मैदा नाही, म्हणून ती चालते असे धरले जाते. पण शेव म्हणजे बेसन आणि तेल. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम शेवेत साधारण १६० ते १७० कॅलरी असतात, आणि बेसनात निम्म्याहून अधिक कर्बोदकेच असतात. संध्याकाळी चहाबरोबर अशा दोन मुठी गेल्या की नऊ किलोंनी घटलेल्या खर्चाहूनही जास्त भर पडते. सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातला भुट्ट्याचा कीस मक्याचा आणि हिवाळ्यातले गराडू कंदाचे. हे दोन्ही ‘भाजी’ म्हणून खपून जातात. बिनसाखरेच्या चहाचाही हिशेब असतो: दर १०० मिली दुधात सुमारे ५ ग्रॅम लॅक्टोज (दुधातली साखर), म्हणजे शंभर-शंभर मिली दुधाच्या चार कपांत २० ग्रॅम.

उपासाचे दिवस सर्वांत अवघड. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. खिचडीत दोन्ही एकत्र येतात, वरून तूप. चतुर्थीला पथ्य मोडले तरी ते मोडले असे घरात कोणी म्हणत नाही, कारण उपास तर पाळला गेला. दही, ताक, पनीर आणि दाण्याचे कूट न घातलेली काकडीची कोशिंबीर यांवर तो दिवस निभावता येतो.

तुपाबद्दलचा गैरसमज त्याहून खोल आहे. लो-कार्बमध्ये तूप चालते ते खरे, पण पोह्याचा एक मोठा चमचा, सुमारे १५ मिली तूप, म्हणजे ११५ ते १२० कॅलरी. शरीराला बाहेरून चरबी मिळत असेल तर अंगावरची वापरायची गरज उरत नाही. म्हणून वजन अडकल्यावर पहिला उपाय मोजण्याचा. आठवडाभर सगळे लिहून काढावे. फोडणीचे तेल बुधलीतून थेट न ओतता चमच्याने घालावे, दाणे आणि पनीर स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवावे. बहुतेकांची गाठ इथेच सुटते.

दुसरा उपाय प्रथिनांचा, आणि शाकाहारी घरांत तोच सर्वांत दुर्लक्षित. वजन उतरवताना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने मिळाली तर स्नायू टिकायला आणि भूक आवरायला मदत होते. शिवाय प्रथिनांतील २० ते ३० टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्च होते. डाळ-उसळीतून एवढी प्रथिने घ्यायची तर बरोबर कर्बोदकेही येतात, त्यामुळे पनीर, घट्ट दही, अंडी आणि सोयाबीन यांचा आधार लागतो. माळवा हा देशातला मोठा सोयाबीन पट्टा, आणि १९८७ पासून राष्ट्रीय पातळीवरचे सोयाबीन संशोधन केंद्र इंदूरमध्येच आहे. सोया वडीत १०० ग्रॅमला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने असतात. तरीही ती मराठी घरात क्वचितच शिजते, याची खंत वाटते. कांदा-खोबऱ्याच्या वाटणात ती उत्तम लागते.

इंदूरच्या मेघदूत उपवनात किंवा नेहरू पार्कात रोज फेऱ्या मारणे चांगलेच, पण वजन उतरू लागल्यावर उरलेल्या दिवसात माणूस नकळत कमी हालतो. वजने उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा जोडावा. त्यानंतर काटा तसाच राहिला तरी कंबर कमी होऊ शकते, आणि पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा काट्यापेक्षा जास्त काही सांगते. दोन आठवडे वजन टिकवण्यापुरते खाऊन पुन्हा सुरुवात करण्याच्या पद्धतीबाबत अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. कंटाळा घालवायला ती वापरायला हरकत नाही.

मोजमाप चोख असूनही वजन हलत नसेल तर थायरॉइडची तपासणी करावी आणि औषधे पाहावीत. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि काही मानसोपचारांच्या औषधांनी वजन वाढते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्याने डोस बदलून न घेता कर्बोदके एकदम तोडली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर कीटो केल्यास रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात कीटोन साचून ते धोकादायकरीत्या आम्लयुक्त होण्याचा विकार, होऊ शकतो. मळमळ, उलट्या, धाप अशी लक्षणे दिसली तर ग्लुकोमीटरच्या चांगल्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नये.