पोलादपूरला बंद, महाबळेश्वरला सुरळीत

माझी 100 सीसीची बाइक 1999 सालची आहे. गेल्या उन्हाळ्यात महाडजवळ तिने त्रास द्यायला सुरुवात केली. चालताना ठीक, पण उभी केली की स्लो धरेना, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता संथ चालू राहीना. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिनाचा आवाज काही क्षण चढलेलाच राहायचा, मग एकदम खाली बसायचा आणि गाडी बंद. इंजिन इतकं तापलेलं की पँटमधूनही पोटरीला चटका बसत होता. पोलादपूरच्या नाक्यावर ती तीनदा बंद पडली. तशीच दोनदा थांबत, गार करत आंबेनळी घाटाने वर नेली. महाबळेश्वरच्या बाजारात पोचल्यावर मात्र ती स्टँडवर उभी राहून एका लयीत चालत राहिली, जणू काही झालंच नव्हतं.

सोबतचे सगळे म्हणाले, "गार हवा लागली ना, म्हणून." ऐकायला पटतं, पण तसं असू शकत नाही. गार हवा दाट असते. अशी तक्रार बहुधा पेट्रोलच्या मानाने हवा जास्त झाल्याने येते; तेवढ्याच पेट्रोलला आणखी हवा मिळाली तर ती वाढायला हवी, कमी नाही. म्हणजे वर गेल्यावर बदललं ते दुसरंच काहीतरी.

बदलला होता हवेचा दाब. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,350 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब साधारण 15 टक्क्यांनी कमी असतो. गारव्यामुळे थोडी भरपाई होते, तरी हवेची घनता खालच्यापेक्षा 12 टक्क्यांच्या आसपास कमीच राहते. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर हवेचं वजन मोजत नाही. त्याला कळतो तो फक्त दाबातला फरक. तेवढ्याच फरकाने पेट्रोल पूर्वीइतकंच ओढलं जातं, कारण पेट्रोलची घनता उंचीवर बदलत नाही. हवा मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. 0.88 चं वर्गमूळ 0.94. म्हणजे वर गेल्यावर मिश्रणातली हवा सुमारे 6 टक्क्यांनी कमी झाली. तेवढ्याने माझी गाडी सुधारली याचा अर्थ एकच: खाली तिला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत होती. मेकॅनिकच्या भाषेत गाडी 'हवा घेत' होती.

ही हवा येते कुठून? स्लोवर असताना कार्ब्युरेटरचा स्लाइड, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारा हवेचा पडदा, जवळजवळ बंद असतो. पिस्टन खाली जाताना हवा मागतो, पण वाट चिंचोळी. त्यामुळे स्लाइड आणि इंजिन यांच्यामधल्या तुकड्यात दाब खूप खाली जातो. याच ओढीने स्लो जेटमधून पेट्रोल वर येतं. त्या जेटचं भोक 0.4 मिलिमीटरच्या आसपास. आता कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारं रबर चिरलं असेल, किंवा तिथली ओ-रिंग (फट बंद करणारं रबरी कडं) चपटी झाली असेल, तर कार्ब्युरेटरला पत्ता न लागता तिथून हवा आत शिरते.

एवढ्याशा फटीने काय होणार, असं वाटतं. हिशेब करून बघू. 1,400 आरपीएमला (मिनिटाला 1,400 फेरे) चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे मिनिटाला 700 वेळा हवा ओढतं. सिलेंडर पूर्ण भरला असता तर मिनिटाला सुमारे 70 लिटर हवा गेली असती. पण वाट जवळजवळ बंद असल्याने जाते साधारण 25 लिटर, वजनात 30 ग्रॅम. फटीच्या एका बाजूला बाहेरचा पूर्ण दाब आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्म्याहून कमी दाब असेल, तर फटीतली हवा ध्वनीच्या वेगाने आत घुसते. यापुढे आतला दाब कितीही उतरला तरी वेग वाढत नाही, कारण दाब उतरल्याची खबरच ध्वनीच्या वेगाने मागे जाते आणि समोरून येणारी हवा तेवढ्याच वेगाने पुढे येत असते. खबर फटीच्या बाहेर पोचतच नाही. वायूंच्या प्रवाहातली ही गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते, आणि ती आपल्या पायाशी रोज घडते. एक सिलेंडरच्या इंजिनात हा दाब ठोक्याठोक्याला वरखाली होतो, म्हणून नेमका आकडा सांगणं अवघड आहे. पण 1 मिलिमीटर व्यासाच्या भोकातून 30 ग्रॅमच्या मानाने सहज दहा टक्क्यांच्या वर जादा हवा येऊ शकते. उलट हायवेवर ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला असताना इंजिन मिनिटाला शेकडो ग्रॅम हवा घेतं आणि आत-बाहेरच्या दाबात फारसा फरक उरत नाही. तेव्हा त्याच भोकातली हवा एक टक्काही भरत नाही. गाडी धावते मस्त आणि सिग्नलला मरते, ते यामुळे.

मग तापते का? हवा जास्त असलेलं मिश्रण हळू जळतं. ठिणगी पडल्यावर जे जळून संपायला हवं, ते पिस्टन बराच खाली गेला तरी जळत राहतं, आणि जळका वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा त्याच्यावरून जास्तच तापलेला वायू जातो. त्यात आपण गाडी बंद पडू नये म्हणून आयडलिंगचा स्क्रू आवळून रेस वाढवतो. हे सगळ्यात वाईट. नीट स्लोवर असलेलं 100 सीसी इंजिनही मिनिटाला सुमारे 2 ग्रॅम पेट्रोल जाळतं, म्हणजे सुमारे दीड किलोवॉट उष्णता. पाणी तापवायचा रॉड तेवढाच असतो. यातला बराच भाग सायलेन्सरमधून जातो, पण उरलेला बाहेर काढायला उभ्या गाडीत सिलेंडरभोवतीच्या पातळ पात्यांवर (फिन्स) वाराच नसतो. रेस वाढवली की ही उष्णता आणखी वाढते.

यात आता पेट्रोलमधल्या इथेनॉलची भर पडली आहे. 2025 सालात आपल्याकडे हे प्रमाण 20 टक्क्यांवर पोचलं. "इथेनॉल जास्त गरम जळतं" असा मेसेज फिरतो, तो खरा नाही. उलट वाफ होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता शोषतं. खरा मुद्दा वेगळा आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के मिश्रणाला सुमारे 13.5 पट पुरते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असेल तर ती स्वतःला जुळवून घेते. जुना कार्ब्युरेटर तेवढीच हवा देत राहतो. म्हणजे फटीशिवायही मिश्रणात आठ-नऊ टक्के हवा जास्तच, आणि वर फट असेल तर सहनशक्ती संपते.

पेट्रोलच्या नळीवर बसवायचे लोहचुंबक यावर इलाज म्हणून विकले जातात. त्यावर पैसे घालवू नका. पेट्रोलच्या रेणूंवर अशा चुंबकाचा जाणवण्याइतका परिणाम होत नाही. हँडलला बांधलेली लिंबू-मिरचीही चिरलेल्या रबरापर्यंत पोचत नाही. त्या पैशात नवा प्लग येतो.

मी जे केलं ते कुणालाही जमेल. गरम इंजिन स्लोवर अडखळत असताना चोक किंचित ओढला. चोक हवा कमी करतो. आवाज लगेच स्थिरावला, म्हणजे अंदाज बरोबर. (चोक ओढल्यावर गाडी आणखी गुदमरली असती तर पेट्रोल जास्त होतंय असं समजून एअर फिल्टर आणि फ्लोटकडे (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) वळलो असतो.) प्लग काढला तर टोकाचं चिनीमातीचं नाक पांढरंफटक, हीही हवा जास्त झाल्याची खूण. मग इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची छोटी बाटली घेऊन जोडावर बारीक फवारा मारला. फक्त जोडावर, तापलेल्या सिलेंडरवर नाही. खालच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, पाणी लागताच सूं सूं थांबलं आणि लय बदलली. यासाठी पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे वापरणारे आहेत, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी तो धोका घेऊ नये.

जोड उघडला तर ओ-रिंग खोबणीच्या बरोबरीने चपटी झालेली, नखाने दाबली तर प्लास्टिकसारखी कडक. नवी बसवली, स्लो जेट तारेने न खरवडता क्लीनर आणि हवेने साफ केला. टॅपेटही (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागातली बारीक फट) बघून घेतला, कारण एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आपली उष्णता तो ज्यावर टेकतो त्या कड्याला (व्हॉल्व्ह-सीटला) देऊ शकत नाही आणि लक्षणं बरीचशी अशीच दिसतात. माझा बरोबर होता. शेवटी मिश्रणाचा स्क्रू. तो स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर आत फिरवल्याने पेट्रोलचं प्रमाण वाढतं, इंजिनाकडच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्याने. इथे बरेच जण उलटं फिरवून बसतात.

पावसाळ्याआधी पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. पोलादपूरच्या नाक्यावर ती पाच मिनिटं स्लोवर उभी राहिली. महाबळेश्वरला मात्र या वेळी आवाज थोडा जड झाला, सायलेन्सरला पेट्रोलचा पुसटसा वास आला. सहा टक्के हवा कमी झाली होती, आणि आता ते तिला जाणवत होतं.